सरळ रस्त्याची गाडी

दिवाळी झाली की आमचं घर जगायला जायचं. जगायला म्हणजे भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. घरातलं भात आणि नागली उन्हाळ्यापर्यंत पुरत नसे, म्हणून आई-बाप गाठोडं बांधून निघायचे आणि मला आश्रमशाळेत सोडायचे. पावसाआधी परतताना प्रत्येक घर काहीतरी आणायचं. दोन पातेली, एखादी चादर, फार तर टेबलफॅन. आमच्या शेजारचा काशिनाथकाका मोटार घेऊन आला. तीही अमेरिकन.

मुंबईत तो एका शेठच्या गॅरेजात गाड्या पुसायचा, पुसता पुसता चालवायला शिकला. शेठने धंदा मोडला तेव्हा बाकीच्या गाड्या विकल्या गेल्या, हिला कुणी घेईना. शेठ म्हणाला, तूच ने. काकाने खरंच नेली. रंग लाल, दारं दोनच, बॉनेट इतकं लांब की वर मिरच्या वाळत घालाव्यात. आत आठ सिलेंडरचं इंजिन. ते सुरू झालं की आमच्या खोडाळ्याच्या बाजारातल्या कोंबड्या वाट फुटेल तिकडे पळायच्या.

अडचण एवढीच की ही गाडी सरळ रस्त्यासाठी बनलेली. वळण आलं की तिचं मागचं अंग स्वतःच्या मर्जीने जायचं. आणि आमच्या मोखाडा तालुक्यात सरळ रस्ता फक्त नकाशावर. "ये गाडी मुडने के लिए बनी नहीं," काका कौतुकाने सांगायचा. मुंबईचं हिंदी त्याने या गाडीपुरतं राखून ठेवलं होतं. मग इकडं आणली कशाला, असं माझा बाप विचारायचा. "रस्ता सुधरंल की कदीतरी," काका म्हणायचा.

चहाच्या टपरीवर तो या मॉडेलची कहाणी घरातल्या दुखणाइताची सांगावी तशी सांगायचा. आधी अमेरिकेतली पोरं हिच्यामागे वेडी होती. मग पेट्रोल महागलं. सरकारने धुरावर नियम काढले. कंपनीने दर साली इंजिनाचा जोर थोडा थोडा काढून घेतला, बॉनेट मात्र तेवढंच ठेवलं. शेवटी बनवायचीच बंद केली. "शेवटाला नुसती दिसायला उरली," म्हणत काका चहा संपवायचा. मग हळूच सांगायचा, आपली मात्र जोर होता तेव्हाची.

तो जोर आम्ही कुणी पाहिला नव्हता. त्याची बायको, ताराकाकी, वारली तेव्हापासून गाडी अंगणाबाहेर गेलीच नव्हती. पेट्रोल परवडत नसेल, असं सगळ्यांना वाटे. दर रविवारी काका ती सुरू करायचा, हातभर पुढे, हातभर मागे घ्यायचा, कान देऊन ऐकायचा आणि बंद करायचा.

"काका, पोचलास का?" पोरं विचारायची.

"पोचलो," काका गंभीरपणे सांगायचा.

माझा बी.ए.चा शेवटचा पेपर जव्हारला होता. सकाळची एस.टी. आलीच नाही. लग्नसराई होती, त्यामुळे गावातल्या जीपा आणि मोटारसायकली एकाच वऱ्हाडाला गेलेल्या. पेपर बुडाला तर वर्ष जाणार होतं, आणि मला आणखी एक वर्ष शिकवायचं तर बापाची कंबर त्याला तयार नव्हती. मी काकाच्या अंगणात गेले.

"नाय जमायचं, बाय."

पेट्रोल नाही का, विचारलं. होतं. बिघडलीय का, विचारलं.

"गाडीला काय झालं नाय." तो बॉनेटवरून हात फिरवत राहिला. "स्टेअरिंग डाव्या अंगाला. पुढं कुणी असला की मला पलीकडलं दिसत नाय. उजवीकडं ती बसायची. ती सांगायची तसं मी चालवायचा."

मी दार उघडून उजवीकडे बसले. म्हटलं, "मी सांगते. चल."

दोन-तीन वळणांतच मला कळलं, हे सोपं नाही. तीन वर्षं भूगोल शिकले होते, पण पुढच्या वळणामागे काय आहे ते मला सांगता येईना. काका दर वेळी "हं?" विचारायचा, मी "थांब" म्हणायचे, आणि घड्याळ काही थांबत नव्हतं. मोखाडा मागे पडल्यावर पुढे आमच्याच गावचं वऱ्हाड लागलं. टेम्पोत बँडवाले, मागे लोंबकळणारी पोरं.

"काका, आज रविवार नाय," एकाने आठवण करून दिली.

मी खिडकीतून डोकं काढलं. वळणापर्यंत रस्ता रिकामा होता. खरंच रिकामा होता का? पुन्हा पाहिलं. चूक झाली असती तर पेपर द्यायला मी उरले नसते, आणि काकाही.

"हं?"

"जा, काका."

गाडी क्षणभर गप्प राहिली. मग खालून असा गुरगुराट उठला की माझी पाठ सीटला चिकटली. टेम्पो, बँड, पोरं, सगळं डावीकडून मागे गेलं. काकाने लगेच वेग कमी केला आणि कपाळ पुसलं.

"ती कदी 'जा' म्हणाली नाय," तो म्हणाला. "इतकी सालं बसली, दर टायमाला थांबच. आज पयल्यांदा कुणाच्या पुढं गेलो." थोड्या वेळाने म्हणाला, "बैलगाडीच्या मागं पण थांबवायची." तो हसायला गेला. जमलं नाही.

घंटा होता होता मी वर्गात शिरले. पेपर सुटला तेव्हा काका गेटसमोर गाडीतच बसून होता.

येताना पुढे पेंढ्याचा टेम्पो लागला. रस्ता लांबवर मोकळा होता, मला स्वच्छ दिसत होता.

"हं?" काकाने विचारलं.

"थांब," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पेंढ्याच्या काड्या त्या लांब बॉनेटवर झेलत आम्ही खोडाळ्यापर्यंत टेम्पोमागे रांगत आलो, आणि सगळी वाट काका ताराकाकीबद्दल बोलत होता.

पावसात निकाल लागला. मी पास झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.