काळी नदीचा जामीनदार

लुमाण्णाच्या पटक्याच्या शेमल्याला कायम गाठी असत. कुणाला जामीन राहिला की एक गाठ मारायची, काम निभावलं की सोडायची. लग्नसराईत तो शेमला शेवग्याच्या शेंगेसारखा दिसे.

जामीन तो कशालाही राही. बाजारात कुणी फणसापाशी घुटमळला की हा पुढे. "गोड निघंल. मी जामीन हाय न्हवं." फणस पाणचट निघाला तर आपल्या झाडाचा नेऊन देई. एकदा तर तो एका नवरदेवाच्या स्वभावाला जामीन राहिला. ती गाठ काही सुटली नाही. नवरा तापला की त्याची बायको माहेरी न जाता लुमाण्णाच्या अंगणात येऊन बसे, आणि हा मुकाट्याने तिला भाकरी वाढे.

मी तेव्हा सुप्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसत असे. इथल्या हिवतापाला भिऊन बाहेरचा माणूस टिकत नसे. म्हणून खानापूरकडचा नारायण काळी नदीपलीकडच्या लाकडाच्या वखारीत कारकून व्हायला तयार झाला, तेव्हा वखारीचा मक्तेदार खूश झाला. पण वखारीची रोकड रोज सुप्याला आणायची, तर जामीन हवा. नारायणाला आगापिछा कुणी नव्हता. लुमाण्णाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि अंगठा पुढे केला. जामीनकतबा मीच लिहिला: कारकुनाने रक्कम खाल्ली, तर जामीनदाराने भरून द्यावी.

त्या दिवसापासून लुमाण्णा रोज संध्याकाळी होडी लागते त्या तरीपाशी बसू लागला. काळीवर धुकं उतरे, पलीकडचा काठ पुसून जाई, नुसता वल्ह्याचा आवाज येत राही. मग त्या धुक्यातून होडी आणि होडीत नारायण.

"काका, मी काय पळून जाणार हाय व्हय?" तो वैतागून म्हणे.

"तसं न्हवं रं. जामीन हाय न्हवं मी. कायतरी खाल्लास का दुपारी?"

श्रावणात नदी फुगली आणि होडी कलंडली. नावाड्याने नारायणाला केस धरून ओढून काढलं. रोकडीची पिशवी मात्र गेली. मक्तेदार म्हणाला, "पिशवी बरी बुडाली, आणि हा तेवढा वाचला." त्याने लुमाण्णाला पैसे भरायला सांगितलं, नाहीतर नारायणाला काढून टाकणार होता.

मी लुमाण्णाला बाजूला घेतलं. "एक पैसा देऊ नकोस. कतब्यात खाल्ली तर असं आहे, बुडाली तर नाही. आणि तू भरलेस, तर याने खाल्ली असंच ठरेल."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "न्हाई भरलं तर पोरगं जाणार. भरलं तर चोर ठरणार. व्हय न्हवं?"

"होय."

"मग लिवा. पिशवी काळीनं घेतली. आनि काळीला मी जामीन."

मी लेखणी खाली ठेवली. नदीला कुणी जामीन राहिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण त्याने गाठ मारलीसुद्धा होती. दुभती म्हैस विकून त्याने नदीच्या वतीने पैसे भरले, आणि तशी पावती मागितली. पैसे येत असल्यामुळे मक्तेदारही पावतीवर सही करून मोकळा झाला. नारायणाची नोकरी राहिली, नावही राहिलं.

पुढे थंडीत मी एकदा तरीवर गेलो, तर लुमाण्णा तिथेच. शेमल्यावरची नदीची गाठ सुटलेली होती. नारायणाची तशीच.

"अरे, आता कतब्याची मुदत संपली. मक्तेदार नवा जामीन मागत नाही. ही गाठ का ठेवलीस?"

लुमाण्णाची बायको आणि मुलगा एकाच पावसाळ्यात हिवतापाने गेले होते. त्याबद्दल तो कधी बोलत नसे. त्याने शेमला मुठीत घेतला.

"ही सोडली, तर सांजच्याला हितं कुनाची वाट बघत बसू?"

धुक्यात वल्हं वाजलं. होडी दिसायच्या आधीच आतून नारायणाची हाक आली, "काका, जेवलासा का?"