इंद्रभानचा हिरवा पडदा

"सोमवारपासून कचेरीत माह्याशी कोणी म्हणजे कोणी बोलणार नाई! मी तसा बंदोबस्तच केला!" इंद्रभाननं जेवता जेवता जाहीर केलं.

कोकिळाच्या हातातली भाकर तव्यावर टाकायची राहिली. नवऱ्यानं एका दमात एवढं मोठं बोललेलं तिनं लग्नापासून ऐकलं नव्हतं.

"काऊन? काढून टाकलं का तुमाले?"

"नाई," म्हणून इंद्रभान पुन्हा वरणात बुडाला. त्या दिवसाचं बोलणं संपलं होतं.

आता हा इंद्रभान कोण, ते ऐका. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या एका सरकारी कचेरीत हा नकाशे काढायचा. नोकरी तात्पुरती. कामाला माणूस पक्का, पण चार लोक समोर आले की त्याच्या घशाला कोरड पडायची. आणि कचेरी कशी? सकाळपासून नुसता बाजार! कोणाची म्हैस व्याली, कोणाचा साडू रुसला, सगळ्या बातम्या इंद्रभानच्या टेबलावर कोपरं टेकवून सांगितल्या जायच्या, कारण कचेरीत सगळ्यात मोठं टेबल त्याचंच! हेडक्लार्क गुलाबराव तर येता-जाता पाठीत थाप हाणायचे, "काय बे इंद्रभान, मुका झाला का?" गेल्या आठवड्यात अशाच एका थापेनं टाक घसरला आणि पैनगंगा थेट खामगावात घुसली. कागद गेला वाया!

शनिवारी मुंबईहून नवे साहेब येणार होते. त्याआधी जिल्ह्यातल्या विहिरींचा नकाशा पुरा झाला तर इंद्रभान नोकरीत कायम होणार होता. नाही झाला, तर कायमचा घरी. म्हणून त्यानं डोकं लढवलं. दोन कपाटं आडवी ओढायची, मधल्या फटीला पडदा लावायचा, आत आपण आणि आपला नकाशा. न बोलणाऱ्या माणसासाठी न बोलायची जागा! पडद्याला कापड त्यानं हिरवं घेतलं, कारण हिरव्यावर शाईचे डाग दिसत नाहीत.

सोमवारी उकंडराव शिपायानं कपाटं ओढायला हात लावला. ओढून झाल्यावर कमरेवर हात ठेवून तो म्हणाला, "भाऊ, आता मी कुठी टेकू? माही भिंत तं तुमच्या कपाटानं खाल्ली!"

इंद्रभाननं नुसती मान हलवली. उकंडरावनं त्या मानेचा अर्थ आपल्या सोयीनं लावला आणि स्टूल पडद्याला लागून मांडलं.

इथंच सगळा घात झाला! आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, दाराला हिरवा पडदा आणि बाहेर स्टुलावर शिपाई दिसला, की आत साहेब असायचाच!

पहिला तासभर इंद्रभान स्वर्गात होता. चिखलीकडच्या विहिरी भराभर कागदावर उतरल्या. मग पडदा हलला. जळगाव जामोदकडची पंचफुलाबाई चपला बाहेर काढून, पदर सावरून आत आली.

"जय भीम, साहेब! माह्या इहिरीचं तेवढं पाहा ना. खोदून खोदून खडक लागला, अन अर्ज इकडे बसला हाय पाय पसरून!"

मी साहेब नाही, हे सांगायला इंद्रभाननं तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यानं मान हलवली. पंचफुलाबाईला धीर आला. तिनं खडकापासून सुरुवात केली आणि दिराची भांडणं, फाटलेली मोट, सासूचा दमा, असं करत करत पार माहेरापर्यंत गेली. मधे कोणी अडवलं नाही की घड्याळ पाहिलं नाही. शेवटी तिनं डोळे पुसले.

"इतके साहेब पाह्यले, पण बाईचं म्हणनं कोणी एवढं ऐकून नाई घेतलं. सगळे म्हंतात, उद्या या!"

इंद्रभानला फार वाईट वाटलं. त्यानं तिला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. हेही चुकलंच, कारण पाणी देणारा साहेब ही बातमी मोटार स्टँडवर पोचायला कितीसा वेळ लागतो!

मंगळवारी पडद्यापुढे रांग लागली. बुधवारी ती व्हरांड्यात गेली. उकंडराव स्टुलावर ताठ बसून ओरडायचा, "एकेक जन! साहेब कामात हायेत!"

"उकंडभाऊ," इंद्रभान पडद्याआडून कळवळला, "काऊन पाठवून राह्यले हो?"

"अहो, तुमीच तं मान हलवली!"

गुरुवारी गुलाबराव तणतणत आत शिरले. "काय बे, कचेरीत दुसरी कचेरी उघडली का?" असं म्हणून खुर्चीत बसले. समोरचा काहीच बोलेना. गुलाबरावांचा आवाज एकाएकी खाली आला. "खरं सांगू का, इंद्रभान? घरी माह्यं कोणी ऐकतच नाई रे. सुभद्रा तं मी बोलाले लागलो का जात्यावर दळाले बसते!" जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते नाक पुसत बसले होते. जाताना पाठीत थाप मात्र मारायला विसरले नाहीत. मोताळ्याजवळ एक नवीन नाला तयार झाला.

शुक्रवार संपला तरी नकाशाचा वरचा अर्धा भाग कोराच. इंद्रभानच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या साहेब, परवा घरी!

शनिवारी गुलाबराव, इंद्रभान आणि उकंडराव सोडून, सगळी कचेरी घेऊन हारतुऱ्यांसह मोटार स्टँडवर उभे होते. जीपची वाट पाहत होते. जीप राजूरच्या घाटात बंद पडलेली, आणि साहेब एस.टी.त बसून आले होते. किडकिडीत माणूस, काखेत छत्री. गुलाबरावांनी स्वतःच्या हातानं त्यांना बाजूला सारलं. "सरका हो! साहेब यायचे हायेत!"

साहेब मुकाट्यानं सरकले आणि चालत कचेरीत आले. पडदा पाहून आत निघाले, तर रांग खवळली.

"ओ भाऊ, लाइनीत लागा! आमी काय इथी वांगे इकाले बसलो?"

"माफ करा," म्हणून साहेब सगळ्यांच्या मागे उभे राहिले.

त्यांचा नंबर लागला तेव्हा इंद्रभाननं मान वर करणंच सोडून दिलं होतं. वाकून टाक चालवत होता. आत कोणीतरी आलं, हे कळलं. पण हा माणूस बोलेचना! इंद्रभानला देव भेटल्यासारखं झालं.

"ही पट्टी धरता का जरा?" त्यानं न पाहताच विचारलं. मग हिंमत करून पडद्याबाहेर ओरडला, "उकंडभाऊ, आता कोनाले सोडू नोका!"

त्या माणसानं पट्टी धरली. मग शाई पुढे केली, टिपकागद दाबला, एक सुटलेलं गाव बोटानं दाखवलं. दोघं अवाक्षर बोलले नाहीत. उन्हं कलली, तेव्हा पार वरच्या सातपुड्याच्या पायथ्याची शेवटची विहीर कागदावर बसली.

"झालं!" इंद्रभाननं मान वर केली. "तुमचं काय काम होतं, भाऊ?"

"माझं? मी नवा साहेब."

इंद्रभान मटकन खाली बसला. तेवढ्यात वाळलेले हार घेऊन गुलाबराव आत घुसले आणि छत्री ओळखून दारातच थिजले.

पण साहेब खूश होते! "इतक्या वर्षांच्या नोकरीत असा दिवस मिळाला नाही हो. हार नाही, भाषण नाही, कोणी काही विचारलं नाही. इंद्रभान, तुम्ही आजपासून कायम!"

इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी पडद्यावरून मायेनं हात फिरवला.

"अशी जागा प्रत्येक कचेरीत पाहिजे. तुम्ही आता नकाशे सोडा. जिल्हाभर फिरा, तालुक्या-तालुक्यात सभा घ्या, कामात शांतता कशी राखावी ते लोकांना भाषणातून समजावून सांगा. लाऊडस्पीकर मी देतो!"

इंद्रभान धडपडत उठला. सगळं बळ एकवटून तो म्हणाला, "साहेब, मले..."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "खरं तर मीच गेलो असतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, माणसांपुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की माझे पाय लटपटतात."

इंद्रभानलाही नेमकं हेच सांगायचं होतं. पण साहेबांनी आधीच सांगून टाकल्यावर तेच कारण त्यानं कोणत्या तोंडानं सांगावं?