झिबलकाकांचा उपाशी गहू

कोणी जेवायला बसलं की झिबलकाका त्याच्या ताटाकडे पाहतात आणि मग दंडाकडे. किती पोळ्या पोटात गेल्या आणि त्यातल्या अंगी किती लागल्या, याचा अंदाज घेतल्याशिवाय त्यांना घास जात नाही. माझ्या थोरल्याला ते तोंडावर सांगतात, "लेका, तू नुसता खादाड वाण हायेस. सारं जाते कुठं?"

ही खोड त्यांना गव्हाने लावली. आमच्या कोंढा गावात धान निघालं की बहुतेक लोक लाखोळी, हरभरा टाकतात. काका मात्र घरामागच्या धानाच्या बांधीत गहू पेरतात, तोही पट्ट्यापट्ट्याने, दर पट्ट्यात वेगळं वाण. प्रत्येक पट्ट्याच्या अर्ध्या भागाला युरिया. उरलेला अर्धा उपाशी.

"त्या बिचाऱ्याले उपाशी काहून ठेवता जी?" मी एकदा विचारलं.

"भरल्या ताटावर सारेच शहाणे, मनोहर. जात उपासातच कळते." काकांनी दोन रोपं उपटून माझ्यापुढे धरली. "हे पाय. याची मुळी मोठी लालची, जमिनीतलं सारं ओढून घेते. पण काडीतच दाबून ठेवते, दाण्यात उतरवत नाई. अन् हे दुसरं थोडकंच खाते, पण पान पिवळं होता होता सारं दाण्याले देऊन टाकते. हे शिकवून येत नाई बापा, बीजातच असते."

ऐकायला छानच. पण माझं कृषी केंद्र आहे. युरियाच्या चुंगड्या-पोत्यांवर माझं घर चालतं, आणि हे प्रवचन काका माझ्याच दुकानातल्या बाकावर बसून गिऱ्हाइकांना देतात.

मागच्या हंगामात गावातला एक शेतकरी, गुणवंता, युरिया न्यायला आला. काकांनी त्याला आपलं बियाणं दिलं आणि बजावलं, "खत अर्धंच टाक."

"काका, पीक बसलं तर तो काठी घेऊन येईन," मी म्हणालो.

"येऊ दे. पाठ माझी हाय."

पण तोंडाने असं म्हणणारा हा माणूस थंडीभर रोज सकाळी गुणवंताच्या शेतावर जायचा. पानं चाचपायचा, ओंब्या निरखायचा, घरी येऊन गुमसुम बसायचा. कापणी झाली आणि गुणवंता पेढे घेऊनच दुकानात आला. गहू तसूभरही कमी उतरला नव्हता. मला वाटलं, आता काका गावभर मिरवतील. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "यंदा थंडी चांगली पडली. पुढच्या साली पुन्हा पाहू." एका चुंगडीचा धंदा बुडूनही मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

मग त्यांनी चवीची परीक्षा काढली. संध्याकाळी पिठाचे दोन डबे घेऊन आमच्याकडे यायचे. "सूनबाई, दोन्हीच्या पोळ्या कर, अन् फरक सांग." फरक सांगायला सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं आलंच. काकी जाऊन बरीच वर्षं झाली; मुलगा पुण्यात असतो. उन्हाळा सरला, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले, तरी डबे येतच होते.

एका संध्याकाळी माझ्या बायकोने, सुषमाने, मला स्वयंपाकघरात बोलावलं. परातीतलं पीठ चिमटीत धरून ती हळूच म्हणाली, "दोन्ही डब्यांत एकच पीठ आहे. तेही पाकिटातलं. काकाजींचा गहू केव्हाच संपला असंल."

मला हसू फुटणार होतं. तिने डोळ्यांनीच दटावलं.

पोळ्या वाढून झाल्या. काकांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणती बरी?"

सुषमाने दोन्हींचा तुकडा सावकाश चावून पाहिला. "डाव्या डब्यातली जराशी गोड वाटते. पण नक्की नाही सांगता येत, काकाजी. उद्या पुन्हा आणा."

काका तिच्याकडे पाहतच राहिले. मग मान खाली घालून त्यांनी पानातली पोळी संपवली आणि हात धुवायला अंगणात गेले. बराच वेळ नुसताच पाण्याचा आवाज येत होता.