कपडेपटाची गोष्ट

बाळ गेला महिनाभर रोज संध्याकाळी कचेरीतून परस्पर मंडईमागच्या कादरभाईंच्या दुकानात जात होता, हे हेमाला ठाऊक होतं. तिथं तो तासभर काय करतो, हे ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊक नाही त्याची काळजी ती आधी करून ठेवायची. कादरभाई नाटकांना कपडे पुरवत. पण एका कोटाचं माप घ्यायला महिना लागत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

तिने दोनदा सरळ आणि तीनदा आडून विचारलं. शेवटी बाळ म्हणाला, "कपडेपटाची गोष्ट आहे ती. घरात सांगायची नसते."

लग्नाला चार वर्षं झाली होती, ठमी दोन वर्षांची झाली होती, आणि घरात न सांगण्यासारखी गोष्ट पहिल्यांदाच निघाली होती.

बाळच्या विमा कचेरीत दरवर्षी शाखाशाखांची नाट्यस्पर्धा व्हायची. अकरा वर्षं बाळ विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत होता. अकरा वर्षांत त्याने इतरांची वाक्यं इतरांच्या आधी म्हटली होती, पण लोकांना ऐकू गेलं की उलट बोलणी खाल्ली होती. यंदा मुख्य नटाची ऐन वेळी बदली झाली. सगळं नाटक पाठ असलेला माणूस एकच होता, म्हणून भूमिका बाळकडे आली. भूमिका दुहेरी होती. एक घरमालक सड्या माणसाला खोली देत नाही. तेव्हा एक सडा तरुण स्वतःच म्हातारा काका बनून येतो, पुतण्याची, म्हणजे स्वतःचीच, हमी देतो आणि मालकाला घोळात घेतो. घरमालकाचं काम कचेरीतल्या दत्तोबांकडे होतं. प्रत्येक अंकात काका डाव्या दाराने जायचा आणि दत्तोबांचं एक वाक्य संपेपर्यंत पुतण्या उजव्या दाराने यायचा. मध्ये नऊ सेकंद.

या नऊ सेकंदांसाठी तो महिना होता. काकाचं धोतर, लांब कोट, उपरणं हे सगळं कादरभाईंनी एकाला एक शिवून एकच कपडा केला होता. तो पुढून घालायचा. पाठीमागे मानेपासून खालपर्यंत आठ टिचबटणं आणि एक दोरी. आत पुतण्याचा सूट तयार. दोरी ओढली की काका पायाशी पडायचा. पगडी उचलायची आणि मिशी उपटायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण ते पुतण्याला शोभून जायचं.

कादरभाईंचे वडील मुनव्वर एका फिरत्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायचे. तिथं राणीची जोगीण लोकांच्या डोळ्यांसमोर व्हायची. बटण अडलं तर पेटीवाला सूर लांबवायचा, गवई तान वाढवायचा आणि लोक वन्समोअर द्यायचे. "लोकांना वाटायचं, वन्समोअर गाण्याला दिला," कादरभाई बाळला सांगायचे. "तो आमच्या बटणाला असायचा." कंपन्या गेल्या. आता त्यांच्या दुकानातून लग्नाच्या शेरवान्या आणि शाळेच्या गॅदरिंगला मावळ्यांचे अंगरखे जायचे. असं काम बारा वर्षांनी आलं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी बाळला वडिलांचा नियम सांगितला होता. कपडा कसा उघडतो ते बायकोलाही सांगायचं नाही. घरात सांगितलेलं दुसऱ्या दिवशी मंडईत कळतं आणि तिसऱ्या दिवशी लोक नट पाहायचा सोडून पाठ पाहतात.

बाळने नियम पाळला. तिथेच घोळ झाला.

प्रयोग रविवारी दुपारी चारचा होता. हेमा साडेतीनला ठमीला घेऊन रंगपटात आली, कारण बाळ खडीसाखर घरी विसरला होता. तिच्या पिशवीत खडीसाखरेशिवाय पाण्याची बाटली, ठमीचे दोन फ्रॉक, बाळगुटी नसली तरी तिची डबी, सेफ्टी पिना, सुईदोरा आणि घरचा पत्ता लिहिलेला कागद होता. तो कागद ठमी हरवली तर, आणि त्याची दुसरी प्रत पिशवी हरवली तर.

बाळ आरशासमोर मान वर करून उभा होता. मिशीचा गोंद ओला होता आणि दहा मिनिटं ओठ हलवायचे नाहीत अशी मेकअपवाल्याची ताकीद होती. कादरभाई पलीकडे विंगेत दारं तपासायला गेले होते. हेमाने नवऱ्याला पुढून पाहिलं आणि तिला समाधान वाटलं. मग ती मागे गेली.

पाठीला तो कोट शिवलेलाच नव्हता. वरपासून खालपर्यंत उघडा. मध्ये आठ टिचबटणं, तीही बोट लावलं की सुटतील अशी, आणि एक दोरी, फासही धड न बसलेला. तीन वर्षांपूर्वी याच स्पर्धेत हिशेब विभागातल्या एकाचं धोतर स्टेजवर सुटलं होतं. त्याची पुढे सोलापूरला बदली झाली, पण नाव त्याच्या आधी तिथे पोचलं होतं. आणि आज पहिल्या रांगेत विभागीय साहेब सपत्नीक बसणार होते.

"अहो, मागे सगळं उघडं आहे," ती म्हणाली. "दोन टाके घालते."

"हं हं," बाळ मान न हलवता म्हणाला.

हेमाने तो होकार धरला. बाळला वाटलं, ती कॉलरचं काही म्हणते आहे. त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरा अंक चालला होता. तिने दुहेरी दोरा ओवला आणि मानेपासून पार धोतरापर्यंत उलट्या टिपेने शिवत आली. प्रत्येक बटणापाशी गाठ मारली, दोरीला तीन गाठी दिल्या आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं. तिसरी घंटा झाली तेव्हा ती तिसऱ्या रांगेत ठमीला मांडीवर घेऊन बसली होती. महिनाभरात पहिल्यांदाच ती निर्धास्त होती.

बाळने काका छान केला. पहिल्या हशाला हेमाने उजवीकडे पाहिलं, दुसऱ्याला डावीकडे. साहेबांच्या बाईसुद्धा हसत होत्या. मग काका काठी टेकत डाव्या दाराने गेला. दत्तोबा प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "काका तर सज्जन दिसतात. बघू, पुतण्या कसा निघतो."

पुतण्या निघाला नाही.

दत्तोबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग उजव्या दाराकडे पाहिलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. एकादशी झाली, संकष्टी झाली, पुढचा महिना सुरू झाला. एरवी असल्या वेळी विंगेतून वाक्य पुरवणारा माणूस म्हणजे बाळ, आणि तोच अडकला होता. शेवटी दत्तोबा घरातला नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो हे प्रेक्षकांना समजावून सांगू लागले.

तेवढ्यात उजव्या विंगेतून कापड ताणल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. हेमाला तो आवाज ओळखीचा वाटला. मजबूत शिवण न उसवल्याचा आवाज शिवणाऱ्याला बरोबर कळतो. काका गेला, पुतण्या येत नाही, आणि पाठीला ती आठ बटणं. तिच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. ती ठमीला कडेवर घेऊन बाजूच्या दाराने आत पळाली.

विंगेत बाळ ओणवा उभा होता. कादरभाईंच्या एका हातात तुटलेली दोरी होती, दुसऱ्यात कात्री, आणि कात्री चालवावी तर आतला सूट कापला जाणार. त्यांचा अंगठा सुटलेल्या टिचबटणाने कापला होता.

"कुणी शिवलं हे?" ते हळू विचारत होते.

"मी," हेमा म्हणाली.

कादरभाईंनी तिच्याकडे पाहिलं. "दुहेरी दोरा, वहिनी?"

"हो."

"उलटी टीप?"

"प्रत्येक बटणाला गाठ पण आहे," हेमा म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

कादरभाईंनी कात्री तिच्या हातात दिली. गाठ कुठे आहे हे मारणाऱ्यालाच माहीत. हेमाने ठमीला खाली ठेवलं, बाळच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसली आणि गाठी तोडत वर सरकू लागली. एक, दोन, तीन. ठमीने समोरचं दार पाहिलं. दारापलीकडे उजेड होता आणि ओळखीचा माणूस होता. ती चालत गेली.

नळाचं पाणी संपवून दत्तोबा गच्चीच्या किल्लीपर्यंत आले होते. उजवं दार हललं तसे ते धावत पुढे गेले. दारात कुणी दिसेना. मग त्यांनी खाली पाहिलं.

"पुतण्या तरुण आहे असं काका म्हणाले होते," दत्तोबा म्हणाले. "पण इतका?"

थिएटर हसलं. ठमीलाही मजा वाटली. ती खुर्चीवर चढून बसली. त्याच क्षणी आत शेवटची गाठ तुटली, काका पायाशी पडला आणि बाळ सुटासकट स्टेजवर ढकलला गेला. मिशी तेवढी राहिली, तीही अर्धी. महिनाभर तयार केलेला तो बदल घरमालकाने ओळखला नसता, साहेबांनी ओळखला नसता. ठमीने मान वर केली आणि म्हणाली, "बाबा."

ज्या अडचणीवर तीन अंक उभे होते, ती ठमीने एका शब्दात मिटवली. सड्या माणसाला खोली न देणाऱ्या मालकापुढे आता मुलीचा बाप उभा होता. नाटक इथेच संपायला हवं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा बाळला पुढचं वाक्य माहीत नव्हतं.

दत्तोबांनीच सावरायला घेतलं. "शेजारच्यांची दिसते. या वयात मुलांना सगळेच बाबा," असं म्हणून ते ठमीपुढे वाकले. "हो ना गं? मग मी कोण?"

"दत्तूकाका," ठमी म्हणाली.

साहेबांच्या बाई डोळे पुसत होत्या. बाळने तिथल्या तिथे ठमीला उचललं, "काकांच्या ओळखीची दिसते, पोचवून येतो," असं म्हणत आत नेलं आणि मिशी काढूनच परत आला. पहिला अंक कसाबसा पार पडला.

मध्यंतर झालं. बाळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. कादरभाईंनी दोरीचे तुकडे खिशात टाकले. "बटणं गेली, फास गेला. दुसरा, तिसरा अंक आहे," ते म्हणाले. "बारा वर्षांनी एक काम आलं होतं." ते रागावून म्हणाले असते तर हेमाला बरं वाटलं असतं.

तिला स्वयंपाकघरातलं तांदळाचं पोतं आठवलं. किती जाड शिवण असते त्याला. पण बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळं तोंड उघडतं. चुकीचं टोक धरलं तर दिवस जातो. तिने सुई ओवली, बाळला काकाच्या कपड्यात उभं केलं आणि त्याच्या पाठीवर साखळी टाका घालत गेली. शेवटचं टोक तिने मोकळं ठेवलं. ओढलं, तर आठ इंच शिवण एका क्षणात विरघळली. कादरभाई जवळ आले. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा चढवून पुन्हा पाहिलं.

"कुठे शिकलात?"

"वाण्याच्या पोत्यावरून."

दुसऱ्या अंकात काका डावीकडून आत आला तेव्हा टोक हेमाच्या हातात होतं. कादरभाई मोजत होते. अकरा सेकंद. तिसऱ्या अंकात पुन्हा शिवलेला काका पायाशी पडला आणि पुतण्या बाहेर गेला तेव्हा कादरभाई सातावर होते. मोजलेलं खरं वाटेना म्हणून ते तसेच आकडे मोजत राहिले. बाहेर टाळ्या पडल्या. लोकांनी बाळला दिल्या, आणि त्या बाळच्याच होत्या.

नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लहान मुलीचा प्रसंग धाडसी असल्याचं लिहिलं. कादरभाईंनी पडलेला काका घडी घालून हेमाच्या हातात दिला. पुढच्या महिन्यात शाळेच्या गॅदरिंगला एका मुलीचं सुरवंटातून फुलपाखरू करायचं आहे, तेव्हा मंगळवारी दुकानात येऊन जा, असं ते म्हणाले. आणि जाता जाता वडिलांचा नियमही सांगितला.

रात्रीचं जेवण झाल्यावर बाळने विचारायला सुरुवात केली. त्याने दोनदा सरळ विचारलं आणि तीनदा आडून. पाठीमागे झालेलं त्याला काही दिसलं नव्हतं. बटणं नव्हती, दोरी नव्हती, मग सात सेकंदांत उघडलं कसं?

हेमाने ठमीच्या अंगावर पांघरूण घातलं, कडा दोन्ही बाजूंनी आत खोचल्या, पुन्हा एकदा तपासल्या.

"कपडेपटाची गोष्ट आहे ती," ती म्हणाली.