क्यूबसाहेबांची पायरी

"तीन दिवस पायरीला हात लावायचा नाही! दारालाही नाही!" असं बजावून क्यूबसाहेब स्वयंपाकघराच्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसले.

काँक्रीटची ताकद तपासायला त्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, यंत्रात घालून फोडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्यांना क्यूबसाहेब म्हणत. त्यांच्याच घरची मागची पायरी मात्र भुसभुशीत. परवा ती बायकोच्या पायाखाली ढासळली. बायकोचा घोटा सुजला आणि साहेबांची अब्रू गेली. लगेच त्यांनी सिलिका फ्यूमची पिशवी आणली, नाकाला फडकं बांधलं आणि स्वतः माल कालवून ओतला.

"ही राखेसारखी भुकटी कसली हो?" बायकोने तेव्हाच विचारलं होतं.

"सिमेंटच्या कणाहून शंभरपट बारीक! मधल्या सगळ्या फटी भरून काढते. नातीची नातसुद्धा नाचेल या पायरीवर."

"आधी मला नात तर बघू द्या!"

लेकीला मुलगी होऊन पंधरा दिवस झाले होते. गुरुवारी बारा वाजताच्या बसची तिकिटं काढलेली होती, आणि विणलेले इवलेसे स्वेटर बायकोने चार वेळा बॅगेत भरून पुन्हा काढून बघितले होते.

असलं काँक्रीट वरून चटकन सुकतं आणि चिरतं. म्हणून साहेबांनी त्यावर ओलं गोणपाट घातलं, तासातासाला पाणी शिंपडलं आणि झोपायलाही तिथेच खाट टाकली. लेकीच्या आजारपणातही इतकं जागले नव्हते, असं बायको म्हणाली.

गुरुवारी सकाळी गोणपाट निघालं. पायरीवर एक चीर नाही. साहेबांचे डोळे भरून आले.

"छान झाली हो. आता दार लावा आणि निघू या."

दार लागेना. साहेबांनी ओढलं, बायकोने ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. मग साहेब खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. दार बाहेर उघडणारं. ये-जा सोपी व्हावी म्हणून त्यांनी ते सताड उघडं ठेवून माल ओतला होता, आणि दाराची खालची कड पायरीत दोन बोटं रुतून बसली होती.

"आता टाळं कुठे लावू? तुमच्या तोंडाला?" बायको रडवेली झाली. "घर उघडं टाकून कशी जाऊ मी?"

गवंड्याला बोलावलं. त्याने तासभर घण घातले. छिन्नी बोथट झाली.

"साहेब, घातलंय तरी काय यात?"

"टवका उडाला का?"

"कुठला टवका!"

"बघ!" साहेब खुलले. बायकोशी नजरानजर झाली, तसा त्यांनी चेहरा पाडला.

दहा वाजले. बायकोने डोळे पुसले आणि पदर खोचला. "अहो, पायरी फुटत नाही ना? मग दार कापा!"

गवंडी आणि साहेब एकमेकांकडे बघत राहिले. दोघांपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. शेजारच्या सुताराने पाच मिनिटांत दार खालून कापलं. टाळं लागलं. दाराची पट्टी पायरीत राहिली ती राहिलीच.

बसमध्ये बायकोने स्वेटर बघायला पाचव्यांदा बॅग उघडली. तळाशी त्या राखाडी भुकटीची घट्ट बांधलेली पिशवी होती.

"हे काय?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "लेकीच्या मागच्या दाराला पायरी नाहीये ना... नात उद्या चालायला लागेल."

बायकोने पिशवीची गाठ चाचपून बघितली. मग तिने पिशवीवर स्वेटर नीट रचले आणि चेन ओढली.

"या खेपेला दार लावून ओता," ती म्हणाली, "आणि आपण दोघं बाहेर आहोत की आत, ते आधी बघा."