शिवलेले खिसे

वडिलांची साखर आता आपणच आटोक्यात आणायची, असं घड्याळजीने एका सकाळी ठरवलं. (घरात काही ठरवायची त्याला सवय नव्हती. तिथेच कुणीतरी अडवायला हवं होतं.)

वडील म्हातारे शिंपी, शिवणकाम सोडलेले. चहात दीड चमचा साखर, एवढीच त्यांची चैन. घड्याळजीने साखरेचा डबा कुलपात टाकला, बिस्किटं शेजारी देऊन टाकली आणि रोज दुपारी स्वतः वाढायला लागला. चार उकडलेले बटाटे, पावाच्या तीन स्लाइस, वर वाटीभर भात. गोड काहीच नाही, मग काळजी कसली?

जेवणानंतर दोन तासांनी वडिलांच्या बोटाला सुई टोचून तो मशीन बघे. आकडा रोज वर. दोनशे दहा, दोनशे साठ, दोनशे नव्वद.

"बाबा, खरं सांगा. गोड कुठून खाता?"

"अरे, गोड कसं लागतं तेसुद्धा विसरलो मी."

"मशीन खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो का?"

घड्याळजीने मशीनवरचा आकडा त्यांच्यासमोर धरला. तेच म्हाताऱ्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात त्याला एक पांढरी, चपटी वडी सापडली. खात्री करायला त्याने ती चाटली. कापडावर खुणा करायचा खडू होता. एवढ्यावर संशय फिटायला हवा होता, पण तोंडात खडू असताना माणसाला चूक कबूल करवत नाही.

"खिसेच शिवून टाका," तो म्हणाला.

वडिलांनी सुई ओवली. "चाळीस वर्षं लोकांना खिसे लावून दिले," एवढंच म्हणाले आणि आपले तिन्ही सदरे घेऊन बसले. टाके मात्र गिऱ्हाइकाच्या कपड्याला घालावेत तसे, बारीक आणि पक्के.

आकडा तीनशेवर गेला तेव्हा दोघे डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"जेवायला कोण वाढतं?" बाईंनी विचारलं.

"मीच. साखरेचा कणही नसतो," घड्याळजी छाती काढून म्हणाला. मग काय काय वाढतो तेही सांगितलं.

"बटाटा, पाव, भात. पोटात गेल्यावर या सगळ्याची साखरच होते. तुम्ही डबा कुलपात ठेवलात आणि साखर ताटात वाढलीत. एका वेळी यातलं एकच काहीतरी द्या, तेही थोडं. बाकी भाजी, डाळ, अंडं."

परतताना वडील पुढे चालत होते. सवयीने त्यांचा हात खिशाकडे जाई आणि टाक्यांवरून घसरून खाली येई. ते बघणं घड्याळजीला जड गेलं.

"बाबा, चुकलं माझं. टाके मीच उसवतो."

"तुला जमायचं नाही."

"केसाएवढ्या स्प्रिंगा बसवतो मी रोज."

घरी आल्यावर त्याने डोळ्याला भिंग लावलं, ब्लेड घेतलं आणि श्वास रोखून पहिला सदरा उसवला. टाके सुटले. खिसाही सुटला. त्यामागचं कापडसुद्धा.

वडिलांनी भोकातून हात आरपार घालून पाहिला.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता यात काही लपवायची सोयच राहिली नाही."

आणि उरलेले दोन सदरे काखेत मारून ते आत निघून गेले.