माझ्या खिडकीसमोरचा बेल

पान दाखवा, झाड सांगतो! बढाई नाही मारत. खडवलीला एक अख्खा रविवार निसर्ग-शिबिर केलंय मी, नाश्त्यासकट.

म्हणूनच आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीचे सेक्रेटरी परशुराम भोईर माझ्या खिडकीसमोरचं झाड तोडून पार्किंग करायला निघाले, तेव्हा मी अगदी शांत होतो. त्या झाडाच्या सावलीमुळेच आमची पश्चिमेची बेडरूम झोपण्यालायक आहे. नाहीतर तिथे पापड वाळतील!

"भोईर, हे पान बघा. एका देठाला तीन. काय आहे हे?"

"पान आहे."

"बेल आहे, बेल! तोडा आता हिंमत असेल तर!"

भोईरांनी मापाची टेप गुंडाळली. त्यांच्या आई हौसाबाईंनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी झाडाला नमस्कार केला. तो शेजारच्या विजेच्या खांबाला पोचला, पण भावना खरी होती.

"अहो, बेलाला काटे असतात ना?" बायकोने, रसिकाने, हळूच विचारलं.

"शहरातल्या बेलाला कशाला हवेत काटे?" मी म्हणालो.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी जाग आली ती घंटेने! फांदीला टांगलेली, तिच्यावर लाल रंगात 'परशुराम भोईर यांजकडून'. पार शहाडहून बायका पिशव्या घेऊन आलेल्या. एक तर माझ्या खिडकीच्या ग्रिलवर चढलेली!

"काका, जरा ती फांदी वाकवा ना! तुमचा हात पोचतोय!"

वाकवली. काय करणार?

श्रावण संपायच्या आतच झाडाचा खराटा झाला होता. बेडरूममध्ये असं ऊन की भिंतीवरचं कॅलेंडर वळून पुढचा महिना दाखवायला लागलं! त्यात कुठे कोवळी पालवी फुटली, तर हरतालिकेच्या पत्रीसाठी पिशव्या पुन्हा हजर!

माझा संयम सुटला. एव्हाना मी ग्रिलमधून हजारदा पानं चुरगळून पाहिली होती. बेलाचा वास नावाला नाही! आणि भोईर काही आता झाड तोडणार नव्हते, घंटेवर त्यांचंच नाव होतं.

"थांबा!" मी खिडकीतून ओरडलो. "हा बेल नाही! माझं चुकलं! वायवर्ण आहे हा, त्यालाही तीन-तीनच पानं असतात!"

पिशव्या खाली आल्या. वाचली पालवी!

"काय म्हणालास? वायवर्णा?" हौसाबाईंनी विचारलं.

"हो आजी! शंभर टक्के!"

"अगं बायांनो, मग बघत काय उभ्या राहिलात? कोवळ्या पाल्याची भाजी होते त्याची! आधी उकडून घ्या, मग वाल घाला!"

पाच मिनिटांत झाड पुन्हा खराटा.

संध्याकाळी भोईर डबा घेऊन दारात. "घ्या, आईने पाठवलीय. तुमच्याच झाडाची."

खरं सांगतो, भाजी फर्मास झाली होती. बेडरूममध्ये बसून खाल्ली. गॉगल लावून!